पत्र्याच्या शेडची कैची स्वतःच्या प्रोग्रामने तपासताना: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

सोयाबीन, तूर, कापूस ठेवायला नाही तर जनावरांना उन्हापासून वाचवायला विदर्भात गावोगावी लोखंडी अँगलच्या कैचीवर (त्रिकोणी सांगाड्यावर) पत्रे टाकून शेड उभी राहते. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग केलेली गावातली मुलं अशा कैचीसाठी फायनाइट एलिमेंटचा (सांगाड्याचे तुकडे धरून हिशोब करणारा) छोटा प्रोग्राम लिहितात. प्रोग्राम चालतो, आकडे येतात, पण बरेचदा ते चुकीचे असतात. कारण गणितात क्वचितच सापडतं. चूक सपोर्टमध्ये (कैची जिथे टेकते तिथे) असते, एककांत असते, किंवा तपासण्या गाळून थेट मोठ्या कैचीवर उडी मारण्यात असते. म्हणून खालचा क्रम मोडू नका. प्रत्येक टप्प्यावर हाताने काढलेलं उत्तर दिलं आहे. ते जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पूर्ण उदाहरणात कैचीचा गाळा (दोन टोकांमधलं अंतर) ६ मीटर, मधली उंची १.५ मीटर आणि दोन कैच्यांमधलं अंतर ३ मीटर धरलं आहे.

टप्पा १: आधी कागद, टेप आणि काटा

कैचीचं चित्र काढा. मापं अँगलच्या बाहेरच्या कडेची घेऊ नका, मध्यरेषेची घ्या. फॅब्रिकेटर "वीस फुटी" म्हणतो तेव्हा ते ६०९६ मिमी असतं, ६००० नव्हे. टेप लावून खात्री करा.

एककं एकदाच ठरवा: बल न्यूटनमध्ये, लांबी मिलिमीटरमध्ये, ताण (दर चौ. मिमीवर येणारं बल) न्यूटन प्रति चौ. मिमीमध्ये. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक म्हणजे ई, तो २,००,००० न्यूटन प्रति चौ. मिमी. किलोमध्ये दिलेलं वजन ९.८१ ने गुणून न्यूटन करा, किलोन्यूटनला १००० ने गुणा.

अँगलचं क्षेत्रफळ तक्त्यातून घेता येतं. ५० × ५० × ६ च्या अँगलचं ५६८ चौ. मिमी. पण दुकानातून आलेला माल खरंच ६ मिमी जाडीचा आहे का, हे काट्यावर कळतं. ६ मीटरची कांब सुमारे २७ किलो भरली पाहिजे. २२.५ किलोच्या आसपास भरली तर ती ५ मिमीची आहे आणि क्षेत्रफळ ४७९ आहे. कुठल्याही अँगलसाठी एका मीटरचं वजन किलोमध्ये घ्या आणि ०.००७८५ ने भागा, क्षेत्रफळ चौ. मिमीमध्ये मिळतं. हा आकडा चुकला तर पुढचं सगळं चुकतं, आणि प्रोग्रामला ते कळायला मार्ग नाही.

*तपासणी:* कागदावर नोडची (अँगल जिथे जुळतात त्या सांध्यांची) मोजणी शून्यापासून करा. पायथन ही प्रोग्रामची भाषाही शून्यापासूनच मोजते. कागदावर १ पासून आणि प्रोग्राममध्ये ० पासून अशी सरमिसळ झाली की एखादा अँगल भलत्याच नोडला जोडला जातो, आणि चूक शोधण्यात दिवस जातो.

टप्पा २: लॅपटॉपची तयारी

पायथन ३ आणि नमपाय (पायथनची गणिताची लायब्ररी) एवढं पुरे. जुना, ४ जीबी रॅमचा लॅपटॉपही चालतो. २०० नोडच्या कैचीचा मॅट्रिक्स (आकड्यांचा चौकोनी तक्ता) ४०० × ४०० चा होतो आणि सव्वा एमबीच्या आसपास जागा घेतो. ५००० डीओएफ (नोडच्या सुट्या हालचाली, प्रत्येकाच्या दोन) झाले की तोच मॅट्रिक्स २०० एमबीला पोचतो. तेव्हा फक्त शून्येतर आकडे साठवणारी पद्धत लागते, त्याआधी तिच्या नादी लागू नका.

गावात नेट नीट चालत नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी नमपायची व्हील फाइल (इन्स्टॉल करायची तयार फाइल) पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. फाइल तुमच्या पायथनच्या नेमक्या आवृत्तीची आणि ६४ की ३२ बिटची आहे ते आधी पाहा. जुळली नाही तर ती बसणार नाही, आणि परत तालुक्याला जावं लागेल. लोडशेडिंगचा भरवसा नसेल तर दर टप्प्याची फाइल वेगळ्या नावाने ठेवा, म्हणजे मागचा चालणारा प्रोग्राम हाताशी राहतो.

टप्पा ३: माहिती वेगळी, गणित वेगळं

प्रोग्रामच्या वरच्या भागात चार याद्या करा:

- नोड: प्रत्येकाचा क्ष आणि य
- अँगल: सुरुवातीचा नोड, शेवटचा नोड, क्षेत्रफळ
- सपोर्ट: कोणता डीओएफ अडवला आणि किती विस्थापनावर (सरकण्यावर)
- भार: कोणत्या डीओएफवर किती न्यूटन

नोड न चे दोन डीओएफ: आडवा २ × न, उभा २ × न + १. वरची दिशा धन. खाली येणारा भार ऋण लिहायचा, हे विसरलं की छत वर उचललेलं दिसतं.

*खबरदारी:* नमपायमध्ये सगळे आकडे पूर्णांक देऊन अ‍ॅरे केला तर तो पूर्णांकांचाच राहतो. पुढे त्यात ०.१७६ ठेवायला गेलात की गुपचूप ० साठवला जातो, एरर येत नाही. विस्थापन आणि भाराचे अ‍ॅरे सुरुवातीलाच दशांश प्रकाराचे करा.

टप्पा ४: एकच अँगल

एका अँगलची ताठरता (एक मिमी ताणायला लागणारं बल) = क्षेत्रफळ × ई ÷ लांबी. दिशेसाठी दोन आकडे लागतात: सी = क्ष मधला फरक ÷ लांबी आणि एस = य मधला फरक ÷ लांबी. कोन काढून त्याचा कोसाइन घेण्याच्या फंदात पडू नका. उभ्या अँगलला शून्याने भागाकार होतो आणि डावीकडे झुकलेल्या अँगलची दिशा उलटते.

चार बाय चारचा मॅट्रिक्स असा भरायचा, प्रत्येक आकडा ताठरतेने गुणून:

पहिली ओळ: सीसी, सीएस, -सीसी, -सीएस
दुसरी ओळ: सीएस, एसएस, -सीएस, -एसएस
तिसरी ओळ: पहिलीची चिन्हं उलट
चौथी ओळ: दुसरीची चिन्हं उलट

*तपासणी:* २००० मिमी लांबीचा, ५६८ क्षेत्रफळाचा आडवा अँगल घ्या. एक टोक पूर्ण पक्कं करा आणि दुसऱ्याची उभी हालचाल अडवा, नाही तर समीकरण सुटणार नाही. १०,००० न्यूटनने ओढल्यावर ०.१७६ मिमी वाढ आणि १७.६ न्यूटन प्रति चौ. मिमी ताण आला पाहिजे. वाढ ०.०००१७६ आली तर तुम्ही लांबी मीटरमध्ये दिली आहे.

टप्पा ५: तीन अँगलचा त्रिकोण

आता नोड ० (०, ०), नोड १ (६०००, ०), नोड २ (३०००, १५००). अँगल ०-१, ०-२, १-२, सगळे ५० × ५० × ६ चे. उतार १ ला २ असल्यामुळे आकडे सोपे पडतात: तिरक्या अँगलला सीसी ०.८, एसएस ०.२, आणि सीएस एका बाजूला ०.४, दुसऱ्या बाजूला -०.४.

ताठरता: तळाचा अँगल १८,९३३ न्यूटन प्रति मिमी, तिरका (लांबी ३३५४ मिमी) ३३,८६९ न्यूटन प्रति मिमी.

जोडणी करताना प्रत्येक अँगलच्या चार डीओएफची यादी घ्या आणि दुहेरी लूपने सोळाही आकडे मोठ्या मॅट्रिक्समध्ये *मिळवा*. नुसते ठेवले तर आधीच्या अँगलचा वाटा पुसला जातो, आणि ही चूक फार जण करतात.

मोठ्या मॅट्रिक्समधले हे आकडे छापून पाहा:

- (२, २): ४६,०२८. यात तळाच्या अँगलचे १८,९३३ आणि तिरक्याचे २७,०९५ आहेत.
- (४, ४): ५४,१९० च्या आसपास
- (५, ५): १३,५४८
- (४, ५): शून्य. कैची दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे धन आणि ऋण कटतात.

(२, २) मध्ये फक्त २७,०९५ दिसले तर "मिळवा" ऐवजी "ठेवा" झालं आहे.

*तपासणी:* सपोर्ट लावण्याआधी मोठ्या मॅट्रिक्सच्या आयगेन किंमती (नमपाय काढून देतं ते मॅट्रिक्सचे खास आकडे) काढा. तीन किंमती जवळपास शून्य यायला हव्यात: आडवं सरकणं, उभं सरकणं, फिरणं. चार आल्या तर कैचीत कुठे तरी सांधा सैल आहे. दोनच आल्या तर मॅट्रिक्स भरताना चूक झाली आहे.

टप्पा ६: सपोर्ट, इथेच सगळे फसतात

या टप्प्याला घाई करू नका. सपोर्ट बदलला की उत्तर बदलतं, आणि चुकीचं उत्तर बऱ्याचदा दिसायला जास्त चांगलं असतं.

नोड ० पिन करा, म्हणजे डीओएफ ० आणि १ अडवा. नोड १ रोलर, म्हणजे फक्त डीओएफ ३ अडवा. शिखरावर २०,००० न्यूटन खाली लावा. हा तपासणीचा भार आहे, खऱ्या छताचा नव्हे. अडवलेल्या ओळी आणि स्तंभ वगळून २, ४, ५ यांचं तीन बाय तीनचं समीकरण सोडवा. उत्तर असं आलं पाहिजे:

- नोड १ बाहेर सरकतो: १.०५६ मिमी
- शिखर आडवं: ०.५२८ मिमी
- शिखर खाली: २.५३३ मिमी
- तिरक्या अँगलमध्ये दाब: २२.३६ किलोन्यूटन
- तळाच्या अँगलमध्ये ताण (इथे ओढणारं बल): २०.० किलोन्यूटन

आता मुद्दाम दोन्ही टोकं पिन करून बघा. शिखर फक्त १.४७६ मिमी खाली येतं आणि तळाच्या अँगलमधलं बल शून्य दिसतं. आकडे पाहून वाटतं, तळाचा अँगल काढून पैसे वाचवावेत. पण ते २० किलोन्यूटन गेले कुठे? ते प्रत्येक बाजूच्या भिंतीला किंवा खांबाला बाहेर ढकलत आहेत. २० किलोन्यूटन म्हणजे दोन टनांहून थोडा जास्त रेटा. विटांची उंच भिंत किंवा बारीक लोखंडी खांब तो आडवा पेलत नाही. वर पत्रे चढले की भिंत फाकते.

प्रत्यक्षात कैची खांबाच्या टोपीवर बोल्टने बसते. खांब वाकू शकतो, त्यामुळे ती पूर्ण पिनही नसते आणि पूर्ण रोलरही नसते. पहिला हिशोब पिन आणि रोलर धरूनच करा. पुढे हवं तर खांब प्रोग्राममध्ये घ्या.

उन्हाळाही याच टप्प्यात येतो. हिवाळ्याच्या सकाळी वेल्डिंग केलेली कैची मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली ४५ अंशांनी जास्त तापली असं धरा. पोलाद दर अंशाला लांबीच्या १० लाखात १२ भाग वाढतं. ६ मीटरचा अँगल ३.२४ मिमी वाढेल. दोन्ही टोकं खरोखर पक्की असतील तर तळाच्या अँगलमध्ये १०८ न्यूटन प्रति चौ. मिमी दाबाचा ताण केवळ उष्णतेने येतो. म्हणून एका टोकाच्या बोल्टचं भोक लांबट ठेवतात. प्रोग्राममधला रोलर म्हणजे जागेवरचं हेच लांबट भोक. ते पाडलं जाणार नसेल तर रोलर लिहू नका.

*खबरदारी:* सपोर्ट अडवायला मॅट्रिक्समध्ये प्रचंड मोठा आकडा टाकण्याची युक्ती टाळा. आकडा लहान पडला तर सपोर्ट सरकतो आणि फार मोठा झाला तर दशांशातली अचूकता जाते. ओळी वगळणं जास्त भरवशाचं.

टप्पा ७: प्रतिक्रिया आणि अँगलमधलं बल

प्रतिक्रिया (सपोर्ट कैचीवर उलट लावतो ते बल) काढायला मूळ, न कापलेला मॅट्रिक्स लागतो. म्हणून कापण्याआधी त्याची प्रत ठेवा. प्रतिक्रिया = मूळ मॅट्रिक्स × विस्थापनं - लावलेले भार.

अँगलमधलं बल = ताठरता × (सी × आडव्या विस्थापनातला फरक + एस × उभ्या विस्थापनातला फरक). फरक नेहमी शेवटचा नोड वजा पहिला नोड. धन म्हणजे ताण, ऋण म्हणजे दाब.

*तपासणी:* उभ्या प्रतिक्रियांची बेरीज २०,००० आणि आडव्यांची बेरीज शून्य आली पाहिजे. एक-दोन न्यूटनचा फरकही चालत नाही. इतक्या छोट्या गणितात तो दशांशाच्या आठव्या-नवव्या घराच्या आधी दिसायला नको.

वऱ्हाडातल्या भारी काळ्या मातीसाठी एक तपासणी आवर्जून घाला. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पायाचा खांब खचतो. नोड १ चा उभा डीओएफ -१० मिमी द्या आणि बाकी भार शून्य ठेवा. शिखर २.५ मिमी उजवीकडे आणि ५ मिमी खाली गेलं पाहिजे, आणि *तिन्ही अँगलमध्ये बल शून्य* आलं पाहिजे. त्रिकोण फक्त तिरपा होतो, ताणला जात नाही. बल आलं तर दिलेल्या विस्थापनाचा वाटा समीकरणाच्या उजव्या बाजूला वजा करायचा राहिला आहे. दोन गाळ्यांवर सलग जाणाऱ्या कैचीत मात्र असं खचल्यावर खरंच बल येतं. तिथे हा भाग बरोबर असणं फार गरजेचं.

टप्पा ८: खरी कैची

तीन नोड वाढवा: नोड ३ तळाच्या मध्यात (३०००, ०), नोड ४ (१५००, ७५०), नोड ५ (४५००, ७५०). अँगल नऊ: ०-४, ४-२, २-५, ५-१, ०-३, ३-१, २-३, ३-४, ३-५. अँगल आणि सपोर्टच्या प्रतिक्रिया मिळून ९ + ३ = १२, नोडच्या दुप्पट १२. जुळलं.

पर्लिन (कैच्यांवर आडवा टाकलेला, पत्रे पेलणारा दांडा) जिथे बसतो तिथे नोड हवाच. अँगलच्या मधोमध पर्लिन ठेवला तर अँगल वाकतो, आणि कैचीच्या या प्रोग्रामला वाकणं माहीतच नाही. पण नोड घालून त्याला तिरका आधार दिला नाही तर दोन सरळ अँगलांमधला तो नोड आडवा लटकतो आणि मॅट्रिक्स सुटत नाही. कधी कधी नमपाय एरर न देता अब्जावधी मिलिमीटरचं विस्थापन छापतं. असा आकडा दिसला की आधार शोधा, प्रोग्रामला दोष देऊ नका. तुकडे जास्त केले की उत्तर सुधारतं, हा नियम इथे लागू नाही. सरळ अँगलला एकच एलिमेंट पुरेसं आहे.

*तपासणी:* नोड ४, २, ५ वर प्रत्येकी १० किलोन्यूटन, नोड ० आणि १ वर प्रत्येकी ५. उत्तर: ०-४ मध्ये दाब ३३.५४, ४-२ मध्ये दाब २२.३६, ३-४ मध्ये दाब ११.१८, तळाच्या ०-३ मध्ये ताण ३०, मधल्या २-३ मध्ये ताण १०, सगळे किलोन्यूटनमध्ये. एक जरी चुकला तर त्या अँगलचे नोड क्रमांक तपासा.

टप्पा ९: खरे भार

आता तपासणीचे भार काढून टाका.

पत्रे आणि पर्लिन मिळून दर चौ. मीटरला १२ किलो धरले तर एका कैचीच्या वाट्याला ६ × ३ = १८ चौ. मीटर, म्हणजे सुमारे २.१ किलोन्यूटन. कैचीचं स्वतःचं वजन वेगळं. छतावरचा चल भार (माणसं, सामान असा कायम नसणारा भार) आयएस ८७५ (भारांची भारतीय मानक संहिता) भाग २ प्रमाणे: १० अंश उतारापर्यंत ०.७५ किलोन्यूटन प्रति चौ. मीटर, त्यापुढे दर अंशाला ०.०२ कमी, पण ०.४ पेक्षा खाली नाही. आपल्या १ ला २ उताराच्या २६.५७ अंशांना ०.४२ येतो, म्हणजे सुमारे ७.५ किलोन्यूटन.

वारा मात्र वरच्या दिशेला ओढतो. आयएस ८७५ भाग ३ मध्ये नागपूरचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद आहे. दाब = ०.६ × वेगाचा वर्ग, सगळे सुधारणा गुणांक १ धरून ११६२ न्यूटन प्रति चौ. मीटर. उचलीचा गुणांकही १ धरला तर १८ चौ. मीटरवर २०.९ किलोन्यूटन वर, आणि खाली दाबायला फक्त २.१ अधिक कैचीचं वजन. खरा गुणांक शेड किती उघडी आहे त्यावर ठरतो, तो संहितेतून घ्या. पण चित्र एवढ्यातच स्पष्ट होतं: वादळात पत्र्याचं वजन कामाला येत नाही.

वाऱ्याचं बल उताराला काटकोनात लावा, सरळ वर नव्हे. आडवा आणि उभा भाग वेगळे करा आणि उभ्या भागाची बेरीज २०.९ येते का ते पाहा. चल भार आणि वाऱ्याची उचल एकत्र लावायची नाही. निदान दोन हिशोब वेगळे चालवा: वजन अधिक चल भार, आणि वजन अधिक वारा.

दुसऱ्या हिशोबात तळाच्या अँगलचं चिन्ह उलटलेलं दिसेल. एरवी ताणात असलेला तो अँगल आता दाबात आहे. कैच्या तळाला एकमेकींशी बांधलेल्या नसतील तर तो बाजूला मोडतो.

टप्पा १०: ताणाच्या आकड्यावर थांबू नका

टप्पा ५ मधला त्रिकोण परत घ्या. तिरक्या अँगलवर २२.३६ किलोन्यूटन, म्हणजे ३९.४ न्यूटन प्रति चौ. मिमी. साध्या पोलादाची मर्यादा २५०. सहापट सुरक्षित वाटतं.

पण दाबातला लांब अँगल आधी वाकून निकामी होतो. ५० × ५० × ६ ची सर्वांत कमी आवर्तन त्रिज्या (छेदाचा वाकायला विरोध दाखवणारा तक्त्यातला आकडा) ९.६ मिमी. लांबी ३३५४ भागिले ९.६ म्हणजे सडपातळपणा ३४९. आयएस ८०० (पोलादी बांधकामाची संहिता) मध्ये दाबातल्या अशा अँगलला मर्यादा १८० आहे. ऑयलरच्या (दाबातला अँगल किती बलाला वाकतो ते सांगणाऱ्या) सूत्राने तो ९.२ किलोन्यूटनलाच वाकेल, आणि प्रोग्राम २२.३६ दाखवून शांत बसतो. हा प्रोग्राम रेषीय आहे, वाकून मोडणं त्याच्या समीकरणात नाही.

मधे नोड दिल्यावर लांबी १६७७, सडपातळपणा १७५, ऑयलरचं बल ३६.७ किलोन्यूटन. संहितेची परवानगी याहूनही कमी असते, म्हणून टप्पा ८ चे ३३.५४ या अँगलला झेपणार नाहीत. खऱ्या भाराखाली ०-४ मध्ये किती येतात ते पाहून अँगल ठरवा. ६५ × ६५ × ६ चं क्षेत्रफळ ७४४ आहे.

प्रोग्रामच्या शेवटी प्रत्येक अँगलसाठी एक ओळ छापा: नोड, लांबी, दोन्ही हिशोबांतलं सर्वांत जास्त ताणबल, सर्वांत जास्त दाबबल, सडपातळपणा. दाबात सडपातळपणा १८० च्या वर गेला की त्या ओळीपुढे ठळक खूण यावी. फॅब्रिकेटरकडे हाच कागद न्या. त्याच्याबरोबर सपोर्टचं चित्रही द्या: कोणत्या टोकाला गोल भोक, कोणत्या टोकाला लांबट, आणि वर उचलणारी प्रतिक्रिया किती. खांबाच्या टोपीवरचे बोल्ट त्या उचलीवर ठरतात. कैची उभी करण्याआधी हे सगळं स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून त्याची सही घ्या.